पान एकशे बारा

कांदिवलीच्या एका सभागृहात काकांना 'आपल्या पूर्वजांचे शौर्य' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. ते चाळीस मिनिटं जुलाबावर बोलले. पावसाळी मोहिमेत सैन्याची किती माणसं लढाईआधीच आडवी होत, छावणी नदीच्या वरच्या अंगाला आणि शौचाची जागा खालच्या अंगाला ठेवण्याची अक्कल कोणत्या सरदाराला होती आणि कोणाला नव्हती, हे सगळं त्यांनी अत्यंत शांतपणे सांगितलं. पहिल्या रांगेत फेटे बांधून बसलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. संयोजकांनी चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती चष्मा वर करून माइकमध्येच वाचली : "कृपया शौर्याकडे वळावे." मग म्हणाले, "वळतो. एवढं होऊन जे उभे राहिले, त्यांनी ते दाखवलं. धन्यवाद." आणि खाली बसले.

मी त्या दिवशी त्यांची पिशवी सांभाळत शेवटच्या रांगेत बसले होते. मला धक्का बसला होता, हे मान्य करते. पण त्यांच्या सहवासातल्या दोन वर्षांत बसलेल्या धक्क्यांची प्रतवारी लावायची झाली, तर हा अगदी तळाशी येईल.

नाहूरला आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते एकटे राहत. नोकरी मुलुंडच्या जकात नाक्यावर कारकुनाची, आणि तीही पूर्ण झालेली. त्यामुळे इमारतीत त्यांना कोणी इतिहासकार म्हणत नसे. सगळे 'जकातकाका' म्हणत. त्यांची-माझी पहिली भेट जिन्यात झाली. लिफ्ट चालू असताना हा सत्तरी ओलांडलेला माणूस डोक्यावर पिठाचं पोतं घेऊन सातवा मजला चढत होता. मी बाजूला झाले, तर म्हणाले, "किती वाजले? सेकंदासकट सांग."

मी सांगितलं. त्यांनी पोतं न उतरवता एका हाताने भिंतीवर पेन्सिलने आकडा लिहिला.

"काय करताय काका?"

"गढी चढतोय," ते म्हणाले. "तू काय करतेस?"

मी समुद्रविज्ञानात संशोधन करते, भरती-ओहोटीची गणितं मांडते, असं सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, की जणू मी नाक्यावर तपासणीला थांबलेला ट्रकच. "उद्या ये," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ये गं विज्ञान," "काय म्हणतंय विज्ञान," एवढंच.

त्यांचा इतिहासात प्रवेश रद्दीतून झाला होता. ऐन तिशीत, नाक्यावर एक ट्रक आला. कागदावर माल 'रद्दी' असा लिहिलेला. यांची सवय अशी, की कागद वाचून झाला की ताडपत्री उचलायचीच. आत खरोखरच रद्दी होती. पण त्यातल्या एका बस्त्यातले कागद मोडी लिपीत होते. त्यांनी तो बस्ता रद्दीच्या भावाने विकत घेतला, पुढची दोन वर्षं मोडी शिकले, आणि त्यातून उत्तर कोकणातल्या लढायांवर त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. विद्यापीठातल्या एका विद्वानांनी त्याला 'जकात नाक्यावरचा इतिहास' म्हणून हिणवलं. काकांनी तो शेरा कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. त्यांच्या मते त्यांच्या कामाचं इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कोणी केलं नव्हतं.

त्यांची पद्धत खरोखर तशीच होती. बखरीत दहा हजारांची फौज म्हटली, की ते आधी पीठ मोजत. दहा हजार माणसं रोज किती खाणार, ते वाहायला बैल किती, त्या बैलांना वैरण किती, आणि त्या वाटेवर त्या महिन्यात तेवढं गवत उगवतं का. बहुतेक वेळा फौज दोन हजारांवर येऊन थांबे. 'वीरगती' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ते 'मेला' असं लिहीत. एकदा मी विचारलं, की हे कोरडं वाटत नाही का. म्हणाले, "मेला म्हटलं की विचारावं लागतं, कशाने मेला. वीरगती म्हटलं की कोणी विचारत नाही."

मला हे सगळं मनापासून पटत होतं. शिवाय माझाही हेतू होता. परदेशातल्या प्रवेशासाठी मला एक स्वतंत्र शोधनिबंध हवा होता, आणि काकांच्या त्या पहिल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती. त्या पुस्तकाचं सर्वांत गाजलेलं प्रकरण एका खाडीचं होतं. बोरिवलीच्या पलीकडे, खाडीच्या मुखाशी, एका गढीवर पहाटे हल्ला झाला होता. सेनापतीच्या पत्रात एवढंच होतं : अमावास्येच्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, कोळी मंडळींच्या साहाय्याने सैन्य खाडी पार झालं. काकांनी त्यावरून होड्यांचा सबंध आराखडा मांडला होता. किती होड्या, किती खेपा, पहिली होडी कोणत्या घराची. पहिल्या होडीचं घर त्यांना कोळीवाड्यातल्या एका नाखव्याने, म्हणजे तिथल्या होडीमालकाने आपलंच म्हणून सांगितलं होतं. पुस्तक आलं आणि कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ, जो तोवर घराघरांत पाळीने फिरत असे, तो कायमचा त्या नाखव्याच्या घराकडे गेला. आता त्याचा मुलगा तो टाकत असे. दर वर्षी काकांना मानाने बोलावणं येई.

मी ठरवलं, की त्या पहाटेची भरती गणिताने मागे नेऊन काढायची, म्हणजे होड्यांच्या खेपांना शास्त्रीय आधार मिळेल. आठवडाभर संगणक चालवला. उत्तर आलं, ते मी तीनदा तपासलं. मग कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले.

"काका, त्या वेळी खाडीत पाणीच नव्हतं. पूर्ण ओहोटी. तीसुद्धा उधाणाची. पात्रात चिखल होता."

ते सुपारी कातरत होते. हात थांबला. मग त्यांनी माझ्या कागदाकडे न बघता बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; किनाऱ्यावरच्या कुठल्याही माणसाला येणारं हे गणित. अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरती दुपारी आणि रात्री अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ पाच-सहाच्या आसपास.

दहा सेकंद लागले असतील. माझा संगणक आठवडाभर चालला होता.

"हे मला येत होतं," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "पुस्तक लिहिलं तेव्हाही येत होतं."

"मग?"

"कोळी म्हटलं की होडी. एवढंच. पत्रात होडी कुठे आहे? ती मी घातली."

मी काही बोलणार, तोवर ते उठून कपाटातून एक जुनी वही काढून आले. तीस वर्षांपूर्वी कोळीवाड्यात फिरून घेतलेल्या नोंदी. एका पानावर एका म्हाताऱ्या कोळ्याचं बोलणं होतं, तुटक उतरवलेलं : 'होड्या चिखलात. त्या वेळी होडी हलत नाही. बायांनी नेलं. चालत. रांगेत.' खाली लाल शाईत काकांचाच शेरा होता : 'वयोमानाने गोंधळ.'

आणि छापील पुस्तकात, पान एकशे बारावर, तळटीप : 'स्थानिक वृद्धाच्या कथनात वयोमानामुळे गोंधळ असून ते ग्राह्य नाही.' पुढे त्या वृद्धाचं नाव, पूर्ण.

ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक ट्रकची ताडपत्री उचलली, त्याने हा एक ट्रक न उघडता परत पाठवला होता. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "तो माणूस जिवंत असेल का?"

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. जुन्या नाखव्याचा मुलगा, आताचा नाखवा, जेट्टीवर जाळं पसरून बसला होता. काकांना पाहून उठला. "आयलास काका. पौर्णिमेला अजून लई टाइम हाय."

काकांनी त्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं. नाखव्याला क्षणभर कळेना. मग हसला. "कोण, एकशेबारा?"

"म्हणजे?"

"त्यालाच बोलायचे ना एकशेबारा. पोरं मागं लागायची, एकशेबारा, काय गोंधल झाला. तूच लिवलंस ना काका, पुस्तकात? मेला तो, पंधरा वर्सं झाली असतील. मरंतोवर तेच नाव."

ते हसू काही दुष्ट नव्हतं. गावात अशी नावं पडतात. पण मी काकांकडे पाहिलं, आणि मला पहिल्यांदा त्यांच्या वयाची भीती वाटली. ते जेट्टीच्या कठड्याला धरून उभे होते.

म्हाताऱ्याची मुलगी गल्लीच्या शेवटी राहत होती. सत्तरीकडे झुकलेली, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, पुढ्यात बोंबलांची पाटी. बोंबील चिरणं न थांबवता तिने वर पाहिलं.

"तूच ना तो? माझे बापाला डोक्यानं येरा बोललास तो?"

"हो," काका म्हणाले.

"मना वाचता नाय येत. पर पान मना ठाव हाय."

काकांनी माफी मागितली नाही. मला ते तेव्हा निष्ठुर वाटलं. त्यांनी विचारलं, "बायांनी कसं नेलं?"

तिने सुरी ठेवली. मग सांगितलं, की तिची आई, आजी, सगळ्या ओहोटीला चिखलात उतरून कालवं आणि निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, काढत. पुरुषांना पाणी ठाऊक. चिखल बायांना ठाऊक. कुठे पाय धरतो, कुठे माणूस गिळतो. "माझा बाप कवा खोटा बोलला नाय. त्याचे आजीनं त्याला सांगतलेला."

"मला दाखवशील?" काकांनी विचारलं.

"तू? चिखलात?" ती पहिल्यांदा हसली. "मरशील म्हाताऱ्या."

येत्या अमावास्येची संध्याकाळ ठरली. ओहोटी सहाच्या सुमारास. पहाटेसारखीच, फक्त उजेडात. मी काकांना जिन्यातच अडवून सांगितलं, की मी सर्वेक्षणाची साधनं आणते, चिखलाची धारणक्षमता मोजते, तुम्ही काठावर उभे राहा. "तुझं गणित बरोबर आहे," ते म्हणाले, "पण गणिताने मागच्या वेळी मला वाचवलं नाही. ते माझ्याकडे होतंच." आणि ते बारा किलो पिठाचं पोतं घेऊन आले. सैनिक रिकाम्या हातांनी जात नाही, हा त्यांचा मुद्दा.

ती पुढे, काका मध्ये, मी मागे. तिने एकदाच सूचना दिली : "पाय टाकू नको. ठेव." मी नोंद घेत होते : ती ज्या रेषेने चालली होती, त्या रेषेखाली जुन्या कालवांच्या शिंपल्यांचा थर होता. दोन हात डावीकडे माझी काठी अर्धी आत गेली. तिला तो थर दिसत नव्हता. पायाला कळत होता.

अर्ध्यावर काकांचा पाय घसरला आणि ते मांडीपर्यंत आत गेले. ती वळली, तिने त्यांना काखेत धरून आडवं खेचलं, जशी पालथी होडी खेचतात तसं.

"पोता सोर."

"नाही."

"सोर बोलते ना."

ते सोडेनात. मग तिने ते पोतं त्यांच्या खांद्यावरून ओढून काढलं, पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवलं आणि चालू लागली. काका तिथेच उभे राहिले. चिखलाने माखलेले, रिकाम्या हातांनी.

"म्हणजे ओझीही त्यांनीच नेली," ते म्हणाले, मला किंवा कोणालाच नाही. "बंदुका वर धरून चिखलात तोल राहत नाही. ओझी बायांनी नेली."

पलीकडच्या काठावर पोचायला आम्हाला अडतीस मिनिटं लागली. तिने पोतं उतरवलं आणि त्यावरच बसली.

नाखव्याला बातमी लागली होती. आम्ही परत आलो तेव्हा तो जेट्टीवर उभा होता, आणि या वेळी हसत नव्हता.

"काका, ऐकलं ते खरं? तू पुस्तक बदलतोस?"

"हो."

"माझ्या बापानं नारळ टाकला. मी टाकतो. माझा पोर टाकणार. तुझं पुस्तक आमच्या देव्हाऱ्यात हाय, काका. आता तू एका कागदावरून आमचा मान काढतोस?"

"दिला होता तोही एका कागदावरूनच."

"कोण वाचतंय रे आता पुस्तक? राहू दे ना तसंच. खाली बारीक अक्षरात काय ते लिव."

"तुझ्या गावाने बारीक अक्षरच वाचलं," काका म्हणाले. "त्यावरून माणसाला नाव पाडलं. नारळ कोणी टाकायचा ते तुम्ही ठरवा, त्यात मी नाही. पहिली होडी नव्हती, एवढं मी लिहिणार."

नाखवा निघून गेला. तीस वर्षांचा घरोबा होता. परतीच्या वाटेवर मी माझ्या शोधनिबंधाचा विषय काढला नाही. तो त्या क्षणी मला स्वतःलाच ओशाळवाणा वाटला. नंतर तो लिहिला, प्रवेशही मिळाला. त्यातल्या वाटेच्या नकाशाखाली त्या बाईचं नाव घालण्यावरून मार्गदर्शकांशी माझं भांडण झालं, पण ती वेगळी गोष्ट.

नवीन पानाचा मजकूर लिहायला काकांनी तीन महिने घेतले. एरवी ते दिवसाला दहा पानं लिहीत. छपाईला देण्याआधी ते म्हणाले, "चल, मंजुरी घ्यायची आहे."

ती उंबऱ्यात बोंबीलच चिरत होती. काका तिच्यासमोर उभे राहिले आणि वाचू लागले. सैन्य होड्यांतून नव्हे, ओहोटीच्या चिखलातून पायी गेलं. वाट कालवं काढणाऱ्या स्त्रियांनी दाखवली. हे तिच्या वडिलांनी लेखकाला स्पष्टपणे सांगितलं होतं. ती मान खाली घालून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "माझा बाप असा सुद्द बोलत नवता." काकांनी तिथेच त्याचं वाक्य वहीतलं जसंच्या तसं घातलं.

"आनी तू चुकलास ते कुठं हाय?"

"पुढे आहे."

"मंग मोठ्यानं वाच. त्याला एकशेबारा बोलायचे ते मोठ्यानंच बोलायचे."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. 'मागील आवृत्तीत पान एकशे बारावर मी जी तळटीप दिली, ती खोटी आहे. गोंधळ त्या गृहस्थांचा नव्हता, माझा होता.' एकेक दार उघडू लागलं. मासळी वाळत घालणाऱ्या बायका थांबल्या. समोरच्या ओटीवर नाखवा येऊन उभा राहिला. मला वाटलं, काका आता आवाज खाली आणतील. त्यांनी तो चढवला. अखेरीस म्हणाले, "ते बोलत होते तेव्हा मी नाखव्याच्या ओटीवर खुर्चीत बसलो होतो. ते खाली उन्हात उभे होते. मी त्यांना वर या म्हटलं नाही."

कागद खाली आला. नाखव्याने आपल्याच ओटीकडे पाहिलं.

ती माझ्याकडे वळली. "तू शिकलेली हायेस. बघ गो. बोलला ते सगला लिवलाय का?"

मी कागद घेतला. ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत विनंती नव्हती, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

"शेवटचं नाही," मी म्हणाले. "खुर्चीचं. ते कागदावर नाही. ते त्यांनी नुसतं तोंडाने म्हटलं."

तिने सुरी पाटीवर आडवी ठेवली.

"मंग लिव."

काका तिच्या पायरीवर बसले. मी पेन दिलं. कागद गुडघ्यावर ठेवून ते लिहू लागले, एकेक शब्द स्वतःशी उच्चारत. खुर्चीत बसलो होतो. ते खाली उभे होते.

"उन्हात," ती म्हणाली. "उन्हात पन लिव."

त्यांनी 'खाली'च्या पुढे काकपदाची खूण केली आणि वर 'उन्हात' लिहिलं.